वहीतले पर्यावरण, वाडीतला माड

पर्यावरण हा विषय आपल्या शाळांत सक्तीचा झाला तो न्यायालयाच्या आदेशाने. महेशचंद्र मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली तसे बजावले आणि २००३ साली पुन्हा बजावले. विषय आला, पुस्तक आले, गुण आले. पाठोपाठ बाजारात तयार प्रकल्पवह्याही आल्या. ओझोनचा थर मुलांना तोंडपाठ असतो. शाळेच्या विहिरीचे पाणी मे महिन्यात किती हात खाली जाते, हे मात्र त्यांना विचारू नये.

सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे काम शिकावे, असे २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सुचवले आहे. सूचना चांगली, पण हे दहा दिवस सहलीसारखे उरकले जाण्याची धास्ती वाटते.

आमच्या भाट्याचेच पाहा. रत्नागिरीहून खाडीवरचा पूल ओलांडला की सुरूचे बन लागते आणि प्रादेशिक नारळ संशोधन केंद्रही. हे केंद्र १९५५ पासूनचे. माडाच्या पानावर कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी काप दिसतात, ते गेंड्या भुंग्याचे काम. हा भुंगा वाढतो शेणखताच्या खड्ड्यात. त्या खड्ड्यात मेटारायझियम नावाची बुरशी मिसळली की त्याच्या अळ्या मरतात. एका पानापासून निघालेले मूल खत, कीटक, बुरशी आणि नारळाचा भाव इथवर जाऊन पोहोचते. माडांच्या सावलीत मिरी, जायफळ, दालचिनी घेणारी इथली ‘लाखीबाग’ दाखवली, तर उन्हाची वाटणी कशी होते हे फळ्यावर काढून दाखवण्याची गरज उरत नाही.

ऊर्जेचेही तसेच. दाभोळच्या एन्रॉनपासून जैतापूरच्या अणुभट्टीपर्यंत विजेवरून सर्वाधिक भांडलेला हा जिल्हा. जयगडला कोळशावर चालणारा १२०० मेगावॅटचा प्रकल्प आहे. पूर्ण क्षमतेने चालला तर तासाला बारा लाख युनिट. पण एका युनिटात वर्गातला ७५ वॅटचा पंखा सव्वातेरा तास चालतो, हे मुलाने स्वतः मीटर वाचून काढले, तरच त्या बारा लाखांना अर्थ येतो. पावसाचा हिशेबही असाच मांडता येईल. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. शंभर चौरस मीटरच्या छपरावर त्याचे तीन लाख लिटर पाणी होते, तरीही उन्हाळ्यात जिल्ह्यात टँकर फिरतात.

हे करून दाखवलेले आहे. अमेरिकेतून डॉक्टरेट घेऊन आलेले, हिंदुस्थान लिव्हरची संशोधनातली नोकरी सोडलेले डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम काढला. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस हाताने काम करायचे : शेती-पशुपालन, ऊर्जा-पर्यावरण, अभियांत्रिकी आणि गृह-आरोग्य. काम गावाच्या उपयोगी पडले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. कलबाग २००३ साली गेले. काम चालू राहिले.

या आग्रहाचे मोल मला बँकेतल्या नोकरीमुळे कळते. गोबरगॅसच्या कर्जांची प्रकरणे माझ्या टेबलावरून जात. संयंत्रे बंद पडण्याची कारणे साधी असत. गुरे विकली जात, शेण-पाण्याचे प्रमाण चुके, नळी गळू लागे आणि गावात दुरुस्त करणारा कोणी नसे. अनुदान होते, कर्ज होते. पाना धरणारा हात नव्हता. तो हात शाळेने घडवायचा असतो.

‘आमच्या पोराला माळी करायचा नाही’, असे पालक म्हणतात. त्यांचेही चुकत नाही. हाताने काम करणाऱ्याला आपण काय मान देतो, ते त्यांनी पाहिलेले असते. पण पोरे मुंबईला गेली, माडावर चढणारा पाडेली मिळेनासा झाला आणि वाड्या ओस पडू लागल्या, याचा जमाखर्च कोण मांडणार? शिक्षकांवर आधीच कामांचा डोंगर आहे, हेही खरे. म्हणूनच नवा विषय नको, नवी वही नको. विज्ञानाच्या तासातलाच आठवड्याचा अर्धा दिवस द्यावा. एक खतखड्डा, एक पर्जन्यमापक, विजेच्या मीटरची एक नोंदवही एवढ्यावर सुरुवात होते.

आणि गुण द्यायचेच असतील, तर जुलैत लावलेल्या रोपांच्या छायाचित्रांना देऊ नयेत. पुढच्या जूनमध्ये त्यांतली किती जगली ते मोजावे, आणि मेली ती कशाने मेली, हे मुलांकडून लिहून घ्यावे.