वांगणीला न थांबणारी अदलाबदल

वांगणी स्टेशनातून लांब पल्ल्याच्या गाड्या दिवसभर धडधडत जातात. थांबत नाहीत. आपण फलाटावर दोन पावलं मागे सरकायचं, धूळ बसेपर्यंत डोळे मिटायचे आणि कर्जत लोकलची वाट बघायची. ‘स्टुडंट एक्स्चेंज’ ही गोष्टही आमच्या पट्ट्यातून अशीच जाते.

मी एक सेमिस्टर स्पेनमध्ये शिकून आले. तरी मी एक्स्चेंजची विद्यार्थिनी नव्हते. या दोन वाक्यांमधल्या फरकाची किंमत माझ्या घराने मोजली, म्हणून हा लेख.

आधी एक्स्चेंज चालतं कसं ते बघा. दोन विद्यापीठांमध्ये करार होतो. इथला विद्यार्थी तिकडे जातो, तिकडचा इकडे येतो. प्रत्येक जण आपल्या घरच्या संस्थेचीच फी भरतो, यजमान विद्यापीठ वेगळी शिकवणी फी घेत नाही. तिकडे पास केलेले विषय इथल्या गुणपत्रिकेत धरले जातात. म्हणजे परदेशात शिकण्याचा हा सगळ्यात स्वस्त रस्ता. आणि आपल्याकडे तो सर्रास कुणाला मिळतो? ज्या खासगी विद्यापीठांची वर्षाची फीच लाखांत आहे, तिथल्या मुलांना. माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर माद्रिद-बार्सिलोनाचे फोटो तेच छापतात. ज्यांना महागडा रस्ताही परवडला असता, त्यांना स्वस्त रस्ता. ज्यांना फक्त स्वस्तच परवडेल, त्यांच्या कॉलेजच्या नोटीस बोर्डावर परीक्षा फॉर्मची शेवटची तारीख.

तुम्ही म्हणाल, हुशार असशील तर स्वतः अर्ज कर की! तीच तर मेख आहे. युरोपातली एरास्मस योजना १९८७ पासून चालू आहे. २०१४ नंतर एरास्मस प्लस या नावाने ती भारतासारख्या देशांतल्या विद्यार्थ्यांनाही सेमिस्टरपुरतं बोलावते. महिन्याचा खर्च आणि प्रवासखर्च देते, हलाखीतून आलेल्यांना वर जादा रक्कमही देते. पण तिथे संस्थेचा करार लागतो. तो नसेल तर एकट्या मुलीच्या हुशारीला तिथे रकानाच नाही.

माझ्या कॉलेजचा करार नव्हता. दादरला संध्याकाळच्या वर्गात स्पॅनिश शिकले आणि रात्रीच्या लोकलमध्ये क्रियापदं पाठ केली. मग स्पेनमधल्या एका सरकारी विद्यापीठात ‘व्हिजिटिंग स्टुडंट’ म्हणून प्रवेश मिळवला. व्हिजिटिंग म्हणजे फी भरून बसणारी. इथली फी चालूच, तिथली वेगळी. शिवाय स्टुडंट व्हिसासाठी स्पेन महिन्याला ६०० युरोंची सोय दाखवायला सांगतं. पाच महिन्यांचे झाले ३,००० युरो, म्हणजे तीन लाखांच्या आसपास. बाबांनी पतपेढीतून कर्ज काढलं. शेजारच्या काकू आईला म्हणाल्या, “तेवढ्यात लग्न झालं असतं गं तिचं.”

वर्गात माझ्या शेजारी मेक्सिकोच्या सरकारी विद्यापीठातली एक मुलगी बसायची. वडील बसचालक. ती एक्स्चेंजवर आलेली होती. तेच बाक, तेच प्राध्यापक, तीच परीक्षा. तिने तिथे फी भरली नव्हती, मी भरली होती. तिने विचारलं, “तुझ्या कॉलेजातून आणखी किती जण आलेत?” मी म्हटलं, मी कॉलेजातून आलेलेच नाही. तिला ते शेवटपर्यंत कळलं नाही.

परत आल्यावर माझ्या कॉलेजने माझी गुणपत्रिका उलटसुलट करून बघितली. “मॅडम, हे आपल्या सिलॅबसमध्ये बसत नाही. हजेरी शून्य आहे. टर्म पुन्हा करा.” पाच विषय, पाचही पास, आणि वर्ष वाया.

आता तुम्ही विचाराल, मग गेलीसच कशाला? याचं उत्तर मला तिथल्या एका चौकातल्या टपरीवर मिळालं.

वांगणीत दृष्टिहीनांची मोठी वस्ती आहे. मुंबईत घर परवडत नाही आणि लोकल दारात आहे, म्हणून ते इथे राहतात. कितीतरी जण गाडीत की-चेन, मोबाईलची कव्हरं, कानातली विकून पोट भरतात. रेल्वे कायद्याच्या कलम १४४ प्रमाणे विनापरवाना विक्री हा गुन्हा, म्हणून एक कान गिऱ्हाइकाकडे आणि एक कान पोलिसाच्या बुटांकडे. १७ एप्रिल २०२१ला आमच्या स्टेशनात एका दृष्टिहीन आईचं मूल रुळांवर पडलं आणि पॉइंट्समन मयूर शेळके यांनी समोरून येणाऱ्या उद्यान एक्स्प्रेसपुढे धावत जाऊन ते उचललं. तो व्हिडिओ तुम्ही नक्की पाहिला असेल. ती आई वांगणीत का राहत होती, हे मात्र फार कमी जणांनी विचारलं.

स्पेनमध्ये जवळपास प्रत्येक गावात एक छोटी टपरी दिसते. आत बसलेली व्यक्ती बहुतेकदा दृष्टिहीन किंवा अपंग असते आणि लॉटरीची कुपनं विकत असते. ती ‘ओन्से’ची माणसं. ओन्से ही दृष्टिहीनांची संघटना १९३८ साली सुरू झाली. कुपनांच्या पैशातून ती ब्रेल पुस्तकं, शिक्षण, मार्गदर्शक कुत्रे, नोकऱ्या असं सगळं चालवते. विक्रेत्याला पगार असतो, सामाजिक सुरक्षा असते. लॉटरीवर समाजकार्य चालवावं का, यावर वाद घालता येईल, मी स्वतः घातला. पण वस्तू विकणारा दृष्टिहीन माणूस कायद्यापासून पळत नाही, हे मी पहिल्यांदा पाहिलं. वर्गातला माझा प्रकल्प मी त्यावरच केला.

माझ्या वर्गात भारतातून आणखी दोघं होती, चांगली, अभ्यासू. ती त्या टपरीवरून रोज जायची. त्यांना तिथे लॉटरी दिसली. मला कर्जत लोकलचा डबा दिसला, कारण मी त्या डब्यातून आले होते. कोण जातं यावर काय परत येतं हे ठरतं. वांगणी, अंबरनाथ, उल्हासनगरची मुलं जाणारच नसतील, तर आपल्या प्रश्नांची उत्तरं जगात कुठे पडली असली तरी उचलून आणायला कुणी नसेल.

“आधी पोटाचं बघा, जर्मन किंवा जपानी शिका, स्पॅनिश कशाला?” हेही ऐकून झालं. तर वर्ध्याच्या एका माणसाची गोष्ट ऐका. पांडुरंग खानखोजे. क्रांतिकारक, गदर चळवळीतले. अमेरिकेत पडेल ते काम करत शेतकी शिकले. १९२०च्या दशकात मेक्सिकोत पोचले, चापिंगोच्या शेतकी विद्यालयात शिकवू लागले, मक्यावर संशोधन केलं आणि तिथल्या गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. दिएगो रिवेराने मेक्सिको सिटीतल्या शिक्षण खात्याच्या भिंतीवर त्यांना चितारलं. २०२२ साली चापिंगोत त्यांचा पुतळा बसला. आणि ज्या मेक्सिकोने त्यांना ठेवून घेतलं, त्याच मेक्सिकोतून १९६६ साली भारताने १८,००० टन गव्हाचं बियाणं आणलं. पोटाचंच बघायचं म्हणता ना? मग हेही पोटाचंच होतं.

खानखोज्यांमागे करार नव्हता, शिष्यवृत्ती नव्हती, हे खरं. पण त्यांचं उदाहरण देऊन “जिद्द असेल तर जमतं” म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. शंभर वर्षांनंतरही आपण मुलांना जिद्दीवरच पाठवणार असू, तर विद्यापीठ कशासाठी आहे?

यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार नॅकमध्ये किमान ३.०१ गुण असलेली संस्था परदेशी विद्यापीठाशी करार करून ३० टक्क्यांपर्यंत क्रेडिट तिकडे घेऊ देऊ शकते. मुंबई विद्यापीठाला २०२१ साली ३.६५ गुण मिळाले. म्हणजे दार बंद नाही. मागणं इतकंच आहे: करार विद्यापीठाने करावेत आणि ते बदलापूरच्या शेवटच्या संलग्न कॉलेजलाही लागू असावेत. कोणते विषय धरले जातील हे विमानात बसण्याआधी लेखी मिळावं. आणि पैसा आधी मिळावा, नंतर बिलं दाखवून नव्हे. व्हिसाला बापाच्या पासबुकाऐवजी शिष्यवृत्तीचं पत्र चालतं. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने राज्य सरकार अनुसूचित जातींच्या मुलांना परदेशात पदव्युत्तर पदवी आणि पीएच.डी.साठी पाठवतं. मग बी.ए.च्या मुलीच्या पाच महिन्यांसाठी एखादी योजना का नसावी?

आणि अदलाबदल म्हणायचं तर समोरूनही कुणीतरी आलं पाहिजे. माझ्या त्या मेक्सिकन मैत्रिणीला यायचंय. ती समाजकार्य शिकते. आमच्या घरात एक गादी जास्तीची आहे, आईने मिरचीचा ठेचाही करून ठेवला असता, आणि मिरची मुळात त्यांच्याकडचीच. पण ती आलीच तर टुरिस्ट व्हिसावर येईल, कारण ज्या कॉलेजात मी सध्या तीच टर्म पुन्हा करतेय, तिथे तिला बसवायला कागद नाही.

पतपेढीचे अजून एकवीस हप्ते बाकी आहेत.