'ॲट, ऑन, इन' : चूक मुलांची की आपल्या शिकवण्याची?



चौथीच्या वह्या तपासताना एका वहीत 'आय गेट अप ऑन मॉर्निंग' असं वाक्य सापडलं. मी सवयीप्रमाणे लाल पेनाने गोल केला. मुलगी म्हणाली, "बाई, 'ऑन संडे' बरोबर, मग 'ऑन मॉर्निंग' का चूक? रविवारी आणि सकाळी सारखंच आहे की!"

खरंच की! रविवारी, सकाळी, रात्री. मराठीत तिन्हीकडे एकच प्रत्यय. इंग्रजीत मात्र 'ऑन संडे', 'इन द मॉर्निंग', 'ॲट नाइट'. म्हणजे मुलीने निष्काळजीपणा केला नव्हता, उलट मराठीचा नियम नीट लावला होता. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, 'ऑन म्हणजे वर, इन म्हणजे मध्ये' असे अर्थ पाठ करून घेणं आपण थांबवायला हवं. वेळेच्या बाबतीत ते अर्थ उपयोगी पडत नाहीत.

त्यापेक्षा वेळ लहान की मोठी, ते विचारा. घड्याळातली नेमकी वेळ असेल तर 'ॲट', वार किंवा तारीख असेल तर 'ऑन', महिना किंवा वर्ष असेल तर 'इन'. उदाहरण मुलांच्या ओळखीचं घ्या. भारत स्वतंत्र झाला 'इन १९४७', 'इन ऑगस्ट', 'ऑन १५ ऑगस्ट', 'ॲट मिडनाइट'. तसंच सावित्रीबाईंचा जन्म 'इन १८३१', पण पूर्ण तारीख सांगायची तर 'ऑन ३ जानेवारी १८३१'. वर्ष जोडलेलं असलं तरी तारीख आली की 'ऑन'च. म्हणूनच 'इन द मॉर्निंग', पण वार जोडला की 'ऑन संडे मॉर्निंग'. 'ॲट नाइट' मात्र तसंच लक्षात ठेवायचं. आणि 'नेक्स्ट', 'लास्ट', 'धिस', 'एव्हरी' आधी आले तर यातलं काहीच लावायचं नाही. 'ऑन नेक्स्ट मंडे' नाही, नुसतं 'नेक्स्ट मंडे'.

आता थोडं आपल्याबद्दल. 'आय ॲम टीचिंग हिअर सिन्स टेन इयर्स' हे वाक्य मी स्वतः कितीतरी वेळा बोलले आहे. मराठीत 'दहा वर्षांपासून' आणि '२०१५ पासून' दोन्हीकडे 'पासून'च येतं ना! इंग्रजीत कालावधी सांगताना 'फॉर टेन इयर्स' आणि सुरुवात कधी झाली ते सांगताना 'सिन्स २०१५'. आणि क्रियापद 'आय हॅव बीन टीचिंग'. शिक्षक होऊनही माझं चुकतं, मग नऊ वर्षांच्या मुलांवर आपण कशाला चिडायचं?

पालकांनो, घरी कॅलेंडर भिंतीवर असतंच. रोज दोन मिनिटं त्यावर बोट ठेवून विचारा, बाबांचा वाढदिवस कधी? शाळा किती वाजता? दिवाळीची सुट्टी कोणत्या महिन्यात? चुकलं तर रागावू नका, बरोबर वाक्य आपण एकदा म्हणून दाखवा. प्रत्येक चुकीला ओरडा बसला की मूल इंग्रजी बोलायचंच सोडून देतं. 'ऑन'चं 'इन' झालेलं नंतरही सुधारता येतं, पण गप्प झालेल्या मुलाला पुन्हा बोलतं करणं फार अवघड जातं.