राधानगरीची शिफारस

जोडून आलेल्या सुट्टीत कोठे जावे अशी पृच्छा करणाऱ्या वाचकांचे मन बहुधा नाशिकच्या द्राक्षमळ्यांकडे आणि तेथील मद्यशाळांकडे आधीच धावलेले असते. त्या प्रदेशाची शोभा आम्हांस मान्य आहे, तथापि आमची शिफारस राधानगरीची आहे. आपल्या कन्येचे, राधाबाईंचे, नाव कोल्हापूरच्या ज्या शाहू महाराजांनी या गावास दिले, त्यांनीच रयतेच्या शेतीस पाणी मिळावे म्हणून भोगावतीवर धरणाची तजवीज केली. १९२२ मध्ये त्यांचे देहावसान झाले आणि अपुरे राहिलेले काम स्वातंत्र्यानंतर तडीस गेले. या धरणाच्या लक्ष्मी तलावाचे स्वयंचलित दरवाजे पाहताना प्रवाशाने एवढे स्मरावेच, कारण नदीकाठचा हिरवागार ऊस त्याच पाण्याचा ऋणी आहे.

थंडीत गेल्यास वाटेवरचे गुऱ्हाळ चुकवू नये. चुलवाणावरील काहिलीत रटरटणारा रस, भेंडीच्या चिकाने वर येणारी मळी, आणि पाक नेमका कोणत्या क्षणी उतरवावा हे नजरेनेच जाणणारा गुळव्या, यांच्यापाशी घटकाभर उभे राहिले म्हणजे पटते की हे कसब कोणत्याही मद्यनिर्मात्याच्या रसज्ञतेहून तिळमात्र उणे नाही. ताजी काकवी तेथेच चाखावी.

पुढे दाजीपूरचे अरण्य लागते. एके काळी संस्थानच्या शिकारीसाठी राखलेले हे रान आज गव्यांचे अभयारण्य असून २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशातही त्याची गणना होते. पावसाळ्यात ते बंद असते. एरवी वनखात्याचा परवाना काढावा, आणि वाटाड्या त्याच मुलखातला घ्यावा.