नेट कोणाचं गेलं होतं?



या वेळचं संपादकीय हा एक कबुलीजबाब आहे, आणि त्यात थोडं राउटरपुराणही आहे. ज्यांचा दिवसच अशा पुराणात जातो त्यांनी मधले परिच्छेद गाळले तरी चालेल. शेवट मात्र वाचावा, ही विनंती.

गेल्या महिन्याची आपली बैठक सांता क्लाराला आमच्या घरी झाली. शनिवारी रात्री साडेआठला, म्हणजे भारतात रविवारी सकाळी नऊला. सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या बाई व्हिडिओ कॉलवर बोलणार होत्या. विषय होता, ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांच्या मुलांची शाळा. हॉलमध्ये आपण पंधरा-वीस जण, लॅपटॉप टीव्हीला जोडलेला, चहा-चिवडा झालेला. बाईंनी बोलायला सुरुवात केली आणि सहाव्या-सातव्या मिनिटाला चित्र गोठलं.

मिनिटभराने कॉल पुन्हा लागला. बाई म्हणाल्या, "माफ करा हं, माझंच नेट गेलं बहुतेक." थोड्या वेळाने पुन्हा तेच. दुसऱ्या वेळी त्या अंगणात आल्या. तिसऱ्या वेळी गच्चीवर गेल्या, आणि उन्हात एका हाताने पदर डोक्यावर धरून बोलत राहिल्या. हंगामी वसतिगृहांबद्दल, म्हणजे मूळ मुद्द्याबद्दल त्या सांगायला लागल्या आणि कॉल चौथ्यांदा तुटला. मग आपणच त्यांना म्हटलं, "राहू द्या बाई, पुन्हा केव्हातरी." आणि जेवायला बसलो.

जेवताना काय बोलणं झालं ते हजर असलेल्यांना आठवत असेल. "खेड्यात असंच असतं," "लोडशेडिंग असेल," "टॉवर लांब असणार." दुसऱ्या दिवशी एका सभासदांची ईमेल आली की यापुढे वक्ते पुण्या-मुंबईचेच घ्यावेत, म्हणजे सगळ्यांचा वेळ वाया जाणार नाही. सूचना सद्भावनेची होती. मला पटलीही होती. "विचार करण्यासारखं आहे" असं उत्तर मी लिहूनही ठेवलं होतं.

सोमवारी ऑफिसच्या मीटिंगमध्ये माझाच आवाज तुटायला लागला तेव्हा मी जागा झालो.

आता पुराण. लॅपटॉपवर दोन खिडक्या उघडल्या. एकीतून दर सेकंदाला घरातल्या राउटरला पिंग, दुसरीतून बाहेरच्या एका सर्व्हरला. वीस मिनिटांनी दोन्ही एकदमच थांबल्या. म्हणजे दहा फुटांवरच्या डब्याशीच माझा संपर्क तुटत होता. पॅसिफिक ओलांडायची गोष्ट दूरच, बिघाडाने आमच्या घराचा उंबरठाही ओलांडलेला नव्हता. मग लॅपटॉपला वायर लावली. दिवसभरात एकदाही खंड नाही. म्हणजे केबल कंपनी निर्दोष, मोडेम निर्दोष, दोष वाय-फायचा. शेवटी राउटरची नोंदवही उघडली. तिथे ओळीने लिहिलेलं होतं: रडार आढळलं, चॅनेल बदलला. आणि त्याच्या वर, बैठकीच्या दोन रात्री आधीची नोंद: सॉफ्टवेअर अपग्रेड पूर्ण.

पाच गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातले काही चॅनेल वाय-फायला उसने मिळालेले आहेत. तिथे आधीपासून काही हवामान-रडारं आणि लष्करी रडारं आहेत. म्हणून अमेरिकेतल्या एफसीसीचा नियम असा, की राउटरने असा चॅनेल घेण्याआधी ६० सेकंद नुसतं ऐकावं, रडारची चाहूल लागली तर १० सेकंदांत जागा सोडावी आणि ३० मिनिटं तिकडे फिरकू नये. नियम योग्यच आहे. पण राउटरला पुष्कळदा नुसता भासही होतो आणि तो बिचारा जागा सोडतो. नवा चॅनेलही त्याच पट्ट्यातला निघाला तर पुन्हा मिनिटभर ऐकत बसतो. आमचा मिनिटभराचा खंड तो हाच. पूर्वी मी ३६ नंबरचा चॅनेल पक्का करून ठेवला होता. तो या रडारच्या भानगडीतला नाही. अपग्रेडने माझी निवड पुसून "आपोआप" करून टाकली. कंपनीच्या टिपणात त्याबद्दल अक्षर नव्हतं, फक्त "किरकोळ सुधारणा" एवढंच. पुन्हा ३६ केला. तीन आठवडे झाले, एकही खंड नाही.

म्हणून अपग्रेड बंद करा, असं मी म्हणणार नाही. २०१८च्या मे महिन्यात जगभरातल्या निदान पाच लाख राउटरमध्ये घातक सॉफ्टवेअर शिरल्याचं उघड झालं, तेव्हा एफबीआयला लोकांना राउटर बंद-चालू करा म्हणून सांगावं लागलं होतं. अपग्रेड हवंच. पण काय बदललं ते मालकाला सांगायला हवं, आणि आपणही अपग्रेडनंतर आपल्या सेटिंग्ज एकदा तपासायला हव्यात.

पण मंडळी, मला बोचतं आहे ते वेगळंच. इंटेलचं मुख्यालय ज्या गावात आहे त्या गावातल्या हॉलमध्ये आपण बसलो होतो. नेटवर्किंगमध्ये पोट भरणारे आपल्यात निदान चार जण होते, त्यातला एक मी. बिघाड आधी आपल्या टोकाला शोधायचा, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे आपण नव्या मुलांना शिकवतो. त्या रात्री कोणी उठून राउटरकडे पाहिलंसुद्धा नाही. कारण एका टोकाला जत होतं आणि दुसऱ्या टोकाला सांता क्लारा. निकाल आधीच लागलेला होता. आणि तो बाईंनीही मान्य केला, हे सगळ्यात वाईट. चूक आपलीच असणार असं त्यांना वाटणं आणि चूक त्यांचीच असणार असं आपल्याला वाटणं, दोन्ही एकाच सवयीतून येतं.

खेड्यात नेटची अडचण नाही असा याचा अर्थ नाही. मेळघाटातलं हरिसाल २०१६ साली "डिजिटल गाव" म्हणून गाजलं आणि २०१९च्या निवडणूक प्रचारात त्याच गावाची दुसरी बाजू सभांमधून पडद्यावर दाखवली गेली. पण अडचण फक्त तिकडेच आहे असंही नाही. ऑगस्ट २०२०मध्ये, शाळा ऑनलाइन असताना, एका फास्टफूडच्या दुकानाबाहेर फुटपाथवर बसून त्यांच्या वाय-फायवर अभ्यास करणाऱ्या दोन मुलींचा फोटो देशभर फिरला. ते गाव सालिनास, इथून तासा-सव्वा तासाच्या अंतरावर. कुठे काय बिघडलंय हे नकाशा पाहून ठरत नाही, तपासून ठरतं. आपण विवेकवादाच्या गप्पा मारणारी माणसं, आपल्याला हे कोणी सांगायला नको होतं.

बाईंना मी फोन करून सगळं सांगितलं, माफी मागितली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मी तर त्याच दिवशी दुसऱ्या कंपनीचं कार्ड घेतलं." त्या कार्डाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

पुढच्या महिन्यात त्याच पुन्हा बोलणार आहेत, हंगामी वसतिगृहांपासून पुढे. वक्ते शहरातलेच असावेत ही सूचना आपण फेटाळावी, असा माझा प्रस्ताव आहे. मतं जरूर कळवा. लॅपटॉपला या वेळी वायर लावलेली असेल.

कळावे, लोभ असावा.

– संपादक