मावशी, क्यूआर कुठाय?

आमच्या नातेवाईकांत सध्या एक नवा निकष चालू आहे. जिच्याकडे क्यूआर कोड ती भाजीवाली हुशार, जिच्याकडे नाही ती मागासलेली, आणि जिने लावलेला काढला ती तर सरळ चोर. "टॅक्स बुडवायचा असतो हो त्यांना," हे वाक्य गेल्या महिन्याभरात तीन घरांत ऐकलं, तिन्ही ठिकाणी पोहे खाता खाता. खाल्ल्या पोह्यांना जागून तिथे गप्प बसलो. इथे बसणार नाही.

मुळात या लोकांना तंत्रज्ञान कोणी शिकवावं लागत नाही. उत्तर केरळच्या किनाऱ्यावर १९९७ ते २००१ या काळात मोबाइल पोचला. तारली पकडणारे मच्छीमार होडीतूनच फोन करून कुठल्या किनाऱ्यावर काय भाव आहे ते विचारायला लागले. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने २००७ साली त्यावर शोधनिबंध लिहिला. पूर्वी एका गावी गिऱ्हाईक नाही म्हणून मासळी फेकली जायची आणि शेजारच्या गावी तीच कमी पडायची. फोन आल्यावर फेकणं जवळजवळ थांबलं, मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला, मासळी ४ टक्क्यांनी स्वस्त झाली. जनजागृती सप्ताह नाही, पोस्टर नाही. फायदा दिसला, फोन घेतला.

आता आमच्या पुण्यातल्या कोपऱ्यावरच्या मावशी घ्या. क्यूआर गाडीवर लटकतोय, पण जोडलाय मुलाच्या खात्याला, कारण स्मार्टफोन त्याच्याकडे. पूर्वी दिवसभराचा गल्ला मावशींच्या कमरेच्या पिशवीत असायचा. त्यातले घरात किती द्यायचे, भिशीत किती टाकायचे आणि मुलाला किती कळूच द्यायचे नाहीत, हे त्या ठरवायच्या. आता त्या मुलाला विचारतात, "किती जमले रे?" आणि पहाटे मार्केट यार्डात हमालाला, टेम्पोवाल्याला रोख द्यायला त्याच्यापुढेच हात पसरतात. स्वतःच्या कमाईसाठी! आपल्याला सुट्टे शोधावे लागत नाहीत, म्हणून आपण याला प्रगती म्हणतो.

शिवाय खोटा स्क्रीनशॉट दाखवून सटकणारी गिऱ्हाइकं असतातच. म्हणून मग पैसे आल्याचं ओरडून सांगणारा तो डबा. त्याचं दरमहा भाडं कोण भरतं? आपण नाही.

बरं, आता चोरीकडे येऊ. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात कर खात्याने २०२१-२२ पासूनच्या यूपीआय जमेवरून हजारो छोट्या विक्रेत्यांना नोटिसा धाडल्या. हावेरीतल्या एका भाजीवाल्याला तर २९ लाखांची! ताज्या भाजीवर जीएसटीच नाही, हे खात्याला कोणीतरी सांगायला हवं होतं. वर्षाला ४० लाखांची (सेवा असेल तर २० लाखांची) जी मर्यादा आहे ती उलाढालीची आहे, नफ्याची नव्हे. आणि खात्यात आलेला प्रत्येक रुपया विक्रीचाच असतो असंही नाही, मेहुण्याने परत केलेले उसनेही त्यातच येतात. बंगळुरूतल्या टपऱ्यांवरचे कोड भराभर उतरले, 'फक्त रोख' अशा पाट्या लागल्या. ओरड झाल्यावर सरकारने जुनी थकबाकी वसूल करणार नाही असं जाहीर केलं.

मर्यादेपलीकडे धंदा करणाऱ्याने कर भरलाच पाहिजे, त्यात वाद नाही. पण कोड चिकटवताना "फुकट आहे, सोपं आहे" एवढंच सांगितलं गेलं. याची नोंद राहील आणि ती पुढे कोणीतरी वाचेल, हे कोणी सांगितलं? पाटी बदलणारा अडाणी नव्हता, त्याने हिशोब केला. आपण तोच हिशोब दर मार्चमध्ये सीएकडे बसून करतो, तेव्हा त्याला टॅक्स प्लॅनिंग म्हणतात. आणि फ्लॅट घेताना 'थोडे वरचे' रोखीत कोणी दिले तेही मला ठाऊक आहे. नावं घेत नाही. (काका, तुम्ही हे वाचता हे माहीत आहे.)

मावशींच्या नावावर खातं, त्यांच्याच हातात फोन आणि त्यांना कळेल अशा मराठीत रोजची जमा, एवढं कोणी करून दिलं तर भाषणाची गरज पडणार नाही. तोवर त्यांनी गवारीचे चाळीस रुपये रोख मागितले तर तोंड वाकडं करू नका. एटीएम चौकातच आहे.