डिबगर जोडला, पण जुळेना

आमच्या अकोल्याच्या घरीं संगणक एकच. त्यावर लिनक्स घातलेलें, आणि थोरल्या दादांपासून धाकट्या सूनबाईपर्यंत ज्याचें त्याचें खातें वेगळें. अमरावतीस इंजिनियरिंग शिकणारा आमचा पुतण्या शनिवारीं रात्रीं बडनेऱ्याहून आगगाडीनें आला. पऱ्हाटीच्या शेतांतील ओल मोजून पंप चालूं-बंद करणारें एक यंत्र त्यानें रचलें होतें, व सोमवारीं तें परीक्षकांपुढें मांडावयाचें होतें. यंत्रांतील चिपेंत प्रोग्राम भरणें व तो कोठें अडतो तें पाहणें हें काम डिबगर नांवाचें बोटभर उपकरण करतें. कॉलेजांत निमूटपणें चालणारा हा डिबगर आमच्या घरीं मात्र उघडेचना!

"जळाला वाटतें, काका. नवा घ्यावा लागेल," असें तो रडवेल्या स्वरांत म्हणाला.

आम्हीं प्रथम तार बदलावयास सांगितली. मोबाइल चार्ज करण्याच्या कांहीं तारांत माहिती वाहणारे धागेच नसतात. दिवा लागतो आणि मनुष्य फसतो. तार बदलली, उत्तर तेंच. मग 'एलएसयूएसबी' हा हुकूम दिला, तों यादींत ०४८३ क्रमांकाचा एसटी-लिंक स्वच्छ उभा! म्हणजे उपकरण जिवंत होतें. अडचण परवानगीची होती.

मुख्याधिकाराचा सांकेतिक शब्द आमच्या घरीं केवळ दादांपाशीं. त्यांनीं तो घालून 'सुडो'नें आज्ञा देतांच डिबगर उघडला. पुतण्या खूष, आम्ही नव्हतों. एका उपकरणासाठीं सबंध प्रोग्रामास घराच्या सर्व किल्ल्या कां द्याव्या? शिवाय त्यानें केलेल्या फायली मुख्याधिकाऱ्याच्या नांवें पडतात, तो घोळ निराळाच.

खरें कारण साधें होतें. यूएसबीस नवें उपकरण लागलें कीं त्यावर लिहिण्याचा अधिकार लिनक्स सामान्य खातेदारास आपण होऊन देत नाहीं. त्यासाठीं 'यूडेव्ह'चा नियम लागतो. ओपनओसीडी हा प्रोग्राम (मूळ आउग्सबुर्ग येथील डोमिनिक राथ या विद्यार्थ्याच्या २००५ मधील प्रबंधाचें हें फळ) डेबियनच्या भांडारांतून घेतल्यास नियमांची फाइल सोबतच बसते. कॉलेजांत तसें झालें होतें. घरीं चिरंजीवांनीं गठ्ठा उतरवून नुसता सोडला, आणि ती फाइल आंतच राहिली. दादांनीं ती 'यूडेव्ह'च्या 'रूल्स.डी' या कप्प्यांत ठेवली, नियम पुन्हां वाचावयास लावले, आणि तार काढून परत लावली. ही शेवटची गोष्ट पुष्कळजण विसरतात.

"म्हणजे आतां हा माझें खातेंही उघडणार कां?" वहिनींनीं दारांतूनच विचारलें. नाहीं, अधिकार त्या उपकरणापुरताच.

डिबगर उघडला, तरी चिप मुकीच! शुक्रवारीं भरलेल्या प्रोग्रामांत डिबगराचेच दोन पाय पठ्ठ्यानें ओल मोजणाऱ्या सेन्सरास देऊन टाकले होते. रिसेटचें बटण दाबून धरून, प्रोग्राम सुरू होण्यापूर्वीच जोडणी साधली, तेव्हां कोठें चिप बोलली. सेन्सराची तार दुसऱ्या पायावर नेईपर्यंत रात्रीचे अकरा वाजले. वहिनींनीं पिठलें दोनदां ऊन केलें.