वासुदेव बळवंतांच्या प्रजासत्ताकात गोपिकाबाई कुठे?

मैत्रिणींनो, आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके आपल्या पनवेल तालुक्यातले, शिरढोणचे. १८४५ चा जन्म, पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी, १८७६-७७ च्या दुष्काळाने पेटलेले मन. १८७९ मध्ये रामोशी, कोळी, धनगर साथीदारांना घेऊन त्यांनी बंड केले. इंग्रजांना घालवून प्रजासत्ताक उभारायचे, हे स्वप्न. बंड काही महिन्यांत मोडले. जन्मठेप झाली आणि १७ फेब्रुवारी १८८३ ला एडनला कैदेतच मृत्यू आला. हा इतिहास आपल्या मुलांना पाठ असतो, असावाच.

पण या चरित्रात बायका येतात कशा? आई येते ती मरण्यापुरती. साहेबाने रजा नाकारली, मायलेकाची भेट चुकली, ठिणगी पडली. पहिली पत्नी सईबाई, त्याही मरण्यापुरत्या. दुसऱ्या पत्नी गोपिकाबाई. पतीने त्यांना लिहा-वाचायला शिकवले, घोड्यावर बसायला, हत्यार चालवायला शिकवले, असे कौतुकाने सांगतात. मग पती डोंगरात गेले आणि गोपिकाबाई कथेतून गेल्या.

आम्ही विचारतो, शिकवले ते कशासाठी? हत्यार धरता येणारी बाई घरी आणि स्वातंत्र्याची लढाई बाहेर, ही वाटणी कोणी केली?

‘काळच तसा होता’ हे उत्तर चालणार नाही. त्याच काळात, त्याच पुण्यात रमाबाई रानडेही लग्नानंतर अक्षर शिकल्या. घरातल्या बायकांचे टोमणे सोसून शिकल्या. पुढे त्यांनी सभा गाजवल्या, सेवासदन उभे केले, स्वतःच्या आठवणी स्वतः लिहिल्या. बाईला शिकवणे ही पहिली पायरी. तिला सभेत, निर्णयात जागा मिळाली तरच ती पुढे चढते.

प्रजासत्ताक म्हणजे प्रजेची सत्ता. प्रजेतली अर्धी माणसे बायका आहेत. त्यांना वगळून पाहिलेले स्वप्न कितीही शूर असो, ते अर्धेच.

आणि ही गोष्ट दीडशे वर्षांपूर्वीची म्हणून सोडून देऊ नका. महाराष्ट्रात पंचायतींत बायकांना निम्म्या जागा २०११ पासून राखीव आहेत. तरी कितीतरी गावांत सही बाईची आणि कारभार नवऱ्याचा. तिलाही ‘तयार’ केले जाते, प्रशिक्षण दिले जाते. सभेची वेळ झाली की ‘तू राहू दे, मी जातो’. गोपिकाबाईंना घरी ठेवणारा न्याय अजून चालूच आहे.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. १७ फेब्रुवारीला शिरढोणला हार घालताना गोपिकाबाईंचे नाव मोठ्याने घ्या. रामोशी-कोळी साथीदारांच्या बायकांनी त्या बंडाची काय किंमत मोजली, हेही विचारा. आणि त्या दिवशी आरतीचे ताट धरायला नाही, बोलायला बाईला व्यासपीठावर बसवा.

बोलावणे आले नाही, तर मैत्रिणींनो, आपण आपल्या पायांनी जाऊ.